ॲनिमेतला जपान आणि खरा जपान : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जपानीच्या पहिल्या तासाला 'तुम्ही जपानी का शिकताय?' असं विचारायची पद्धत आहे. पूर्वी उत्तर यायचं, 'कंपनीने सांगितलं म्हणून.' आता निम्मा वर्ग म्हणतो, 'ॲनिमे.' मग प्रश्न सुरू होतात आणि वर्ग सुटला तरी फोनवर येतच राहतात. काही विद्यार्थ्यांचे असतात, काही त्यांच्या आईवडिलांचे. जे परत परत येतात ते इथे मांडले आहेत. सोपे आधी, अवघड नंतर. तेच उत्तर दोनदा द्यावं लागू नये म्हणून गरज पडेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ॲनिमे आणि जपानी सिनेमे बघून खरा जपान कळतो का?

मराठी मालिका बघून जेवढा महाराष्ट्र कळतो तेवढा. आमच्याकडच्या सासवा शालू नेसून झोपतात असं कुणी समजू नये. पण चपला कुठे काढतात, आल्यागेल्याला आधी पाणी देतात, आईला 'अगं' आणि वडिलांना 'अहो' म्हणतात, हे मालिकेतून बरोबर कळतं. जपानी पडद्याचंही तसंच आहे. माझा ठोकताळा असा: बारीकसारीक गोष्टींवर डोळे मिटून विश्वास ठेवा, मोठ्या गोष्टींवर नको. दारातली बूट काढायची पायरी, रेल्वे फाटकाची घंटा, भाताच्या वाटीवरची वाफ हे चित्रकारांनी बहुतेक वेळा जागेवर जाऊन, फोटो काढून रेखाटलेलं असतं. शाळा, प्रेम, नोकरी, शौर्य यांत मात्र जे असावंसं वाटतं ते, किंवा जे हातून निसटलं ते, जास्त दिसतं. पुढची बहुतेक उत्तरं याच ठोकताळ्याची उदाहरणं आहेत.

२. ॲनिमे म्हणजे शेवटी लहान मुलांची कार्टूनच ना?

नाही, आणि या गैरसमजाची किंमत आपण मोजलेली आहे. मांगा म्हणजे छापील चित्रकथा, ॲनिमे म्हणजे त्यांची किंवा स्वतंत्र कथांची चलचित्रं. मांगाची मासिकं आणि साप्ताहिकं वाचकाच्या वयाप्रमाणे निघतात: शोनेन मुलग्यांसाठी, शोजो मुलींसाठी, सेइनेन प्रौढ पुरुषांसाठी, जोसेइ प्रौढ स्त्रियांसाठी. आपल्याकडे पाच वर्षांची पोरं ज्याच्या आवाजाची नक्कल करतात तो शिन-चान १९९० साली सुरू झाला तो प्रौढ पुरुषांच्या एका साप्ताहिकात. संसाराने पिचलेल्या आईबापांना हसवण्यासाठी तो होता. आपण नायक पाच वर्षांचा बघून त्याला मुलांच्या वाहिनीवर बसवलं. मग पालक चिडले आणि २००८ साली त्याच्यावर काही काळ बंदीही आली.

पालकांना एवढंच सांगेन, की चित्र गोंडस आहे का ते बघू नका, कथा कोणत्या वयाच्या वाचकासाठी लिहिली होती ते बघा.

३. जपानमध्ये झाडून सगळे ॲनिमे बघतात का?

डोरेमॉन, 'साझाए-सान' ही कौटुंबिक मालिका आणि जिब्ली स्टुडिओचे सिनेमे बहुतेक सगळ्यांना माहीत असतात. पण भारतात ज्यांची चर्चा असते त्यातल्या कितीतरी मालिका तिथे मध्यरात्रीनंतर लागतात आणि त्यांचा प्रेक्षक ठरावीक असतो. तोक्योच्या ऑफिसात पन्नाशीच्या साहेबांना तुमच्या आवडत्या मालिकेचं नाव सांगितलंत, तर ते हसून मान डोलावतील. ती त्यांनी पाहिलेली असेलच असं नाही.

'ओताकु', म्हणजे ॲनिमे-मांगाचा वेडा, हा शब्दही जपून वापरावा. आपल्याकडे तो कौतुकाने मिरवतात. जपानमध्ये १९८० च्या दशकात तो टिंगलीचा होता आणि दशकाच्या शेवटी एका भीषण खून प्रकरणानंतर जवळजवळ शिवी झाला. आता धार बोथट झाली आहे, तरी स्वतःला म्हणणं वेगळं आणि दुसऱ्याला म्हणणं वेगळं.

४. पात्रांचे डोळे एवढे मोठे का? झोपल्यावर नाकातून फुगा का येतो?

मोठ्या डोळ्यांचं श्रेय बहुतांशी मांगाकार ओसामु तेझुका यांना जातं. त्यांच्यावर डिस्नेच्या चित्रांचा आणि ज्यात सगळ्या भूमिका स्त्रिया करतात त्या ताकाराझुका नाट्यमंडळाच्या रंगभूषेचा प्रभाव होता. डोळे मोठे म्हणजे पात्र गोरं, हा आपला समज. जपानी वाचकाला ते पात्र जपानीच वाटतं.

नाकातला फुगा म्हणजे गाढ झोप, कपाळावर फुगलेली शीर म्हणजे राग, गालाशी घामाचा मोठा थेंब म्हणजे ओशाळलेपण, नाकातून रक्त म्हणजे मनात आलेला चावट विचार. ही सगळी चित्रलिपी आहे. आपल्या व्यंगचित्रात डोक्यावर आपटल्यावर चांदण्या फिरतात, तशीच.

५. सान, कुन, चान, सामा यांत फरक काय? मराठीत त्याला काय म्हणायचं?

नोबिताकडेच बघा. मूळ जपानीत डोरेमॉन त्याला 'नोबिता-कुन' म्हणतो, शिझुका 'नोबिता-सान' म्हणते, जियान नुसतं 'नोबिता' म्हणतो आणि नोबिता तिला 'शिझुका-चान' म्हणतो. चार हाकांत चार नाती. हिंदी डबिंगमध्ये सगळं सपाट होऊन 'नोबिता' उरतं. 'सान' साधा आदर, 'कुन' मुलग्यांसाठी किंवा हाताखालच्यांसाठी, 'चान' लाडाचं, 'सामा' देवाला आणि गिऱ्हाइकाला. नुसतं नाव घेणं म्हणजे फार जवळीक, नाहीतर उद्धटपणा. प्रेमकथेत नायिका पहिल्यांदा नुसत्या नावाने हाक मारते आणि नायक लाल होतो, तो प्रसंग इंग्रजी सबटायटलमध्ये कळत नाही. 'तुम्ही'वरून 'तू'वर येण्यातला तो क्षण आहे, हे मराठी माणसाला सांगावं लागू नये.

जुन्या वळणाच्या घरातली बायको नवऱ्याला 'आनाता' म्हणते. शब्दाचा अर्थ 'तुम्ही', पण वापर अगदी 'अहो'चा. मुलं झाली की नवराबायको एकमेकांनाच 'आई', 'बाबा' म्हणू लागतात, हेही आपल्याला ओळखीचं.

एका ठिकाणी मात्र आपली माणसं हमखास चुकतात. बाहेरच्याचा फोन आला तर आपण म्हणतो, 'साहेब बाहेर गेलेत.' जपानी माणूस स्वतःच्या साहेबांबद्दल बाहेरच्याशी बोलताना 'सान' काढून टाकतो: 'तानाका बाहेर गेलाय.' कारण बाहेरच्यापुढे साहेब 'आपल्यातले' ठरतात, आणि आपल्यातल्याची थोरवी आपण सांगायची नसते. स्वतःच्या नावापुढे 'सान' लावणं तर अगदीच हास्यास्पद. रोज एक तरी विद्यार्थी लावतो.

६. जपानी ऐकताना मराठीसारखं का वाटतं?

दोन्ही भाषांत क्रियापद शेवटी येतं, शब्दयोगी अव्ययं नामाच्या मागे चिकटतात आणि वाक्याच्या टोकाला 'ने' लावला की आपल्या 'ना'चं काम होतं. नातं काही नाही, कुळं वेगळी आहेत. पण घरातून निघताना पात्रं जे 'इत्ते किमास' म्हणतात त्याचा शब्दशः अर्थ 'जाऊन येतो'. आतून 'इत्तेराश्शाइ' येतं, म्हणजे 'जाऊन ये'. इंग्रजी अनुवादक इथे हात टेकतात आणि नुसतं 'निघालो' असं काहीतरी लिहितात. मराठी अनुवादकाला फुकटात मिळतं. 'जातो' म्हणू नये, 'येतो' म्हणावं, असं आजीने सांगितलेलं असतंच.

दुसरी श्रीमंती ध्वनिशब्दांची. मांगाच्या पानावर चित्राइतकीच जागा हे शब्द अडवतात. दोकी-दोकी म्हणजे छातीतली धडधड, झाआ-झाआ म्हणजे धो-धो पाऊस, शितो-शितो म्हणजे रिमझिम, गोरो-गोरो म्हणजे ढगांचा गडगडाट, किरा-किरा म्हणजे लुकलुक. पेको-पेको म्हणजे पोटात कावळे ओरडणं. आणि शांततेलाही आवाज आहे: 'शिईन'. सगळे चिडीचूप झाले की पानभर तेवढंच लिहिलेलं असतं.

७. मग ॲनिमे बघून जपानी येईल का?

कान तयार होतो, उच्चार सुधारतात, उत्साह टिकतो. पण तसंच बोलायला लागलात तर पंचाईत. ॲनिमेतली भाषा पात्राप्रमाणे ठरलेली असते: म्हातारा शास्त्रज्ञ वाक्याच्या शेवटी 'जा' लावतो, उर्मट नायक स्वतःला 'ओरे' म्हणतो, विनोदी माणूस ओसाकाकडची बोली बोलतो. आपल्या सिनेमात खलनायकाचा हस्तक विशिष्ट बोलीत बोलला की लोक हसतात, तसा हा साचा आहे. जपानी भाषाशास्त्रात त्याला 'याकुवारिगो', म्हणजे भूमिकेची भाषा, असं नाव आहे. मुलाखतीला जाऊन स्वतःला 'ओरे' म्हणाल तर नोकरी गेलीच समजा.

जेएलपीटी ही जपानी भाषेची परीक्षा पुण्यातही होते. तिच्या एन-५ ते एन-१ अशा पाच पातळ्या आहेत आणि एकीतही तोंडी परीक्षा नाही. त्यामुळे ॲनिमेतून बोलणं आणि पुस्तकातून परीक्षा, अशी फारकत झालेले विद्यार्थी पुष्कळ भेटतात.

८. शाळा खरंच तशा असतात का? गच्चीवर डबा खाणं, क्लब, सांस्कृतिक महोत्सव वगैरे?

थोड्या. प्राथमिक सहा वर्षं, माध्यमिक तीन, उच्च माध्यमिक तीन. पहिली नऊ सक्तीची. वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, म्हणून पहिल्या भागात साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, फुललेला असतो. (तोक्योत तो हल्ली मार्चअखेरीलाच फुलतो आणि शाळा सुरू होईतो गळून जातो, पण पडद्यावर थांबतो बिचारा.) मुलांनी वर्ग आणि संडास स्वतः झाडणं-पुसणं खरं. आत वेगळे बूट घालणं खरं. शाळा सुटल्यावरचे क्लब खरे, आणि पडद्यावर दिसतात त्याहून दमवणारे. वार्षिक महोत्सवही खरा.

गच्ची मात्र जवळजवळ सगळीकडे कुलपात असते. मग चित्रात ती का? कारण तिथे शिक्षक नसतात, आकाश असतं आणि दोन पात्रांना एकटं बोलता येतं. नायक खिडकीशेजारी मागून पहिल्या बाकावर बसतो, तेही चित्रकाराच्या सोयीसाठी. ॲनिमेत शिक्षक आणि पालक जितके कमी दिसतात तितकेच खऱ्या आयुष्यात ते जास्त असतात. संध्याकाळी क्लासला जाणारी थकलेली मुलं हा तिथला रोजचा देखावा. पुण्या-मुंबईच्या मुलांना त्यात नवल वाटणार नाही.

९. डोरेमॉनमधलं ते मोकळं मैदान आणि सिमेंटचे पाइप कुठे आहेत?

आता कुठेच नाहीत म्हटलं तरी चालेल. डोरेमॉन सुरू झाला १९७० च्या जानेवारी अंकांत. तेव्हा तोक्यो वाढत होतं, गटारांची कामं चालू होती आणि रिकाम्या प्लॉटवर पाइप रचून ठेवलेले असत. पोरांचं तेच मैदान. पुढे जागांचे भाव चढले, प्लॉटवर घरं उठली, पाइप जमिनीखाली गेले. आजचं जपानी पोर ते मैदान डोरेमॉनमध्येच बघतं. आपल्याकडे वाडा आणि चाळ जशी मालिकांत शिल्लक आहे, तसंच.

डोरेमॉन कपाटात झोपतो त्याचंही कारण आहे. ते कपाट म्हणजे 'ओशिइरे'. गाद्या सकाळी गुंडाळून ठेवायची, मधे फळी असलेली खोल जागा. गाद्या बाहेर काढल्या की तिथे आयता पलंग होतो.

१०. शिझुका सारखी आंघोळ का करते? आणि घरातले सगळे एकाच पाण्यात कसे उतरतात?

अंग टबाबाहेर, बुटक्या स्टुलावर बसून, साबण लावून आधीच धुतात. स्वच्छ झाल्यावर मगच गरम पाण्यात बुडून बसायचं. त्यामुळे पाणी मळत नाही, ते सगळ्यांनी वापरायचं, वर झाकण ठेवून ऊब राखायची. पाणी साधारण ४० अंशांच्या आसपास. आपण आंघोळ सकाळी मळ काढायला करतो, ते रात्री शीण काढायला करतात.

शिझुकाच्या न्हाणीघरात नोबिता अचानक टपकतो, तो विनोद मात्र जुन्या काळाचा आहे. त्यावर आता जपानमध्येही आक्षेप घेतला जातो, आणि मला तो रास्त वाटतो.

११. उन्हाळा दाखवला की किड्यांची किर्रर्र का ऐकू येते? आणि भुतांच्या गोष्टी उन्हाळ्यातच का?

माझा सगळ्यांत आवडता प्रश्न. ते 'सेमी', म्हणजे झाडावर ओरडणारे सिकाडा. जपानी प्रेक्षकाला आवाजावरून महिना आणि वेळही कळते. 'मीन-मीन' ओरडणारा भर दुपारचा, 'काना-काना' असा उदास सूर लावणारा हिगुराशी पहाटेचा किंवा संध्याकाळचा. दिग्दर्शकाला 'संध्याकाळ झाली, सुट्टी संपत आली, काहीतरी हातून जाणार' हे सांगायचं असेल तर एक हिगुराशी पुरतो. हायकूत ऋतू सांगणारा शब्द लागतो. शिरीष पै यांच्यामुळे मराठीत हायकू रुजला, त्यामुळे वाचणाऱ्यांना ही खोड माहीत असेल. ॲनिमेने ती कानांनी पुढे चालवली आहे, असं मला वाटतं. खिडकीत किणकिणणारी काचेची घंटा, चिरलेलं कलिंगड, आतषबाजी, सुती युकाता: यातलं काहीही दिसलं की उन्हाळा.

भुतांचं कारण 'ओबोन'. ऑगस्टच्या मध्यावर (काही भागांत जुलैत) पितर घरी येतात अशी श्रद्धा आहे. त्यांच्यासाठी काकडीला काड्यांचे पाय लावून घोडा करतात आणि वांग्याची गाय. येताना घोड्यावरून लवकर या, जाताना गायीवरून रमतगमत जा. आपल्या पितृपक्षातला कावळा आठवतो, पण ओबोनमध्ये नाच असतो, जत्रा असते. मेलेले घरी आले म्हणून आनंद. त्याच दिवसांत काबुकीच्या रंगमंचावर भुताची नाटकं लागत, तीच प्रथा टीव्हीवर आली. अंगावर काटा आला की गारवा वाटतो, असंही गमतीने म्हणतात.

जाता जाता: भातात चॉपस्टिक उभ्या खोचू नका. तसा भात मृतासमोर ठेवतात. आपल्याकडे जेवणाच्या ताटात पिंड वळावा तसं ते दिसतं.

१२. प्रत्येक ॲनिमेत देव आणि देवळं असतात. जपानी लोक धार्मिक आहेत का? त्यांचे काही देव आपलेच आहेत म्हणतात, ते खरं का?

विचारलंत तर बहुतेक जण 'माझा काही धर्म नाही' म्हणतील, आणि १ जानेवारीला थंडीत रांग लावून देवळात जातील. शिंतो परंपरेत 'याओयोरोझु', म्हणजे अक्षरशः ऐंशी लाख, देव आहेत. आपल्या तेहतीस कोटींसारखा तो मोजायचा आकडा नव्हे. नदी, डोंगर, जुनं झाड, चूल, संडास, सगळ्यांना देव. हायाओ मियाझाकी यांच्या २००१ च्या 'स्पिरिटेड अवे'त देव दमूनभागून आंघोळीला येतात आणि नदीच्या देवाच्या पोटातून सायकल निघते. मुळा-मुठेच्या काठी राहणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. 'तोतोरो'मधलं दोर बांधलेलं कापराचं प्रचंड झाड ज्या रानात आहे, तिथे कोकणातला माणूस लगेच म्हणेल, ही देवराई. त्या सिनेमाला ज्या सायामा टेकड्यांवरून कल्पना सुचली, तिथलं रान बिल्डरांच्या हाती जाऊ नये म्हणून लोक १९९१ पासून वर्गणी काढून जमिनीचे तुकडे विकत घेत आहेत.

आता आपले देव. बौद्ध धर्माबरोबर ते चीनमार्गे जपानला पोहोचले आणि तिथलेच झाले. बेन्झाइतेन म्हणजे सरस्वती. हातात वीणेऐवजी बिवा, देऊळ बहुधा पाण्याकाठी. बिशामोन्तेन म्हणजे वैश्रवण, आपला कुबेर. 'ड्रॅगन बॉल'मध्ये टेबलामागे बसून मेलेल्यांचा हिशेब करणारा लाल एन्मा म्हणजे यम. दाइकोकुतेन म्हणजे महाकाल. शंकराचं हे उग्र रूप तिकडे जाऊन तांदळाच्या पोत्यांवर उभं राहिलेलं गुबगुबीत, हसरं झालं. आणि कांगितेन म्हणजे गणपती. त्याची मूर्ती सहसा दाखवत नाहीत, ती आतच असते. तोक्योतल्या आसाकुसाजवळच्या माचुचियामा देवळात त्याला पांढरा मुळा वाहतात. क्योतोत 'कांकिदान' नावाचा पदार्थ मिळतो: आत गोड सारण, वर चुण्या घातलेली पुरचुंडी, तेलात तळलेली. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा तोंडातून 'तळणीचा मोदक' एवढंच निघालं.

१३. जपानने रामायणावर ॲनिमे केला आहे, ही अफवा आहे का?

अफवा नाही. युगो साको आणि आपले राम मोहन यांनी मिळून केलेला तो सिनेमा १९९२ चा. जानेवारी २०२५ मध्ये तो भारतातल्या थिएटरांत पुन्हा लागला.

१४. शिन-चानचे वडील घरी इतके दमून का येतात? नोकरी खरंच तशी असते का?

हिरोशी नोहारा, वय ३५, तोक्योत नोकरी, शेजारच्या साइतामा प्रांतात कासुकाबेला घर, गाडी, बायको घरी, दोन मुलं, एक कुत्रा आणि घराच्या कर्जाची ३२ वर्षं बाकी. १९९० साली हा 'सर्वसाधारण बापडा' म्हणून रंगवला होता. पाय घाण वास मारणारे, पगार तुटपुंजा, बायकोचा धाक. लोक त्याला हसले, कारण तो त्यांच्यासारखाच होता.

पुढे जपानचा आर्थिक फुगा फुटला. कायमच्या नोकऱ्या घटल्या. आज नोकरदारांपैकी एक तृतीयांशाहून जास्त लोक कंत्राटी किंवा अर्धवेळ कामावर आहेत. आणि मग गंमत झाली: तिथली तरुण मंडळी इंटरनेटवर लिहू लागली की हिरोशी तर जिंकलेला माणूस आहे. पस्तिशीत स्वतःचं घर, एका पगारावर चौघांचा संसार! चित्र तेच राहिलं, पाहणाऱ्यांची परिस्थिती खाली गेली. जपानच्या गेल्या तीस वर्षांबद्दल याहून नेमकी गोष्ट मला सांगता येत नाही.

जास्तीच्या कामाबद्दल: अतिश्रमाने मरण्याला जपानीत 'कारोशी' हा स्वतंत्र शब्द आहे, यातच आलं. २०१९ पासून कायद्याने जादा कामाला महिन्याला ४५ आणि वर्षाला ३६० तासांची मर्यादा घातली. विशेष करार असेल तर वर्षाला ७२०. कागदावर न येणारे तास अजूनही असतात.

याच्या उलट टोकाला 'साझाए-सान'. ऑक्टोबर १९६९ पासून दर रविवारी संध्याकाळी साडेसहाला लागते. आजी-आजोबा, मुलगी-जावई, मुलीची धाकटी भावंडं आणि नातू एका छताखाली. ती संपली की उद्या सोमवार या विचाराने पोटात गोळा येतो, त्याला 'साझाए-सान सिंड्रोम' म्हणतात. पडद्यावर सात जणांचं घर. २०२० च्या जनगणनेत ३८ टक्के घरांत एकच माणूस.

१५. एवढीशी मुलं एकटी दुकानात आणि शाळेत जातात, ते खरं की कार्यक्रमासाठी?

शाळेत जाणं खरं. पहिलीतली मुलं पिवळी टोपी घालून, गटाने किंवा एकटी, चालत जातात. चौकात शेजारचे आजोबा झेंडा घेऊन उभे असतात. तीन-चार वर्षांच्या पोराला एकटं सामान आणायला धाडणारा जो कार्यक्रम १९९१ पासून चालू आहे आणि नेटफ्लिक्समुळे आपल्याकडे पोहोचला, त्यात मात्र रस्ता आधी तपासलेला असतो, शेजाऱ्यांना कल्पना दिलेली असते आणि कॅमेरावाले वेश बदलून मागे असतात. म्हणजे ते पोर एकटं नसतंच, त्याला तेवढं माहीत नसतं.

१६. सामुराई खरंच तसे होते का? बुशिदो वगैरे?

१६०३ ते १८६८ या एदो काळात मोठी युद्धं जवळजवळ झालीच नाहीत. सामुराईंच्या कंबरेला दोन तलवारी होत्या, काम मात्र बहुतेकांचं फडणिशीचं: वसुली, हिशेब, पत्रव्यवहार. पुष्कळ जण कर्जबाजारी. १८७६ साली तलवार बाळगायलाच बंदी आली. 'बुशिदो', म्हणजे सामुराईंची आचारसंहिता, हा शब्द जुना असला, तरी जगाला त्याचं जे रूप माहीत आहे ते बरंचसं इनाझो नितोबे यांच्या १९०० सालच्या पुस्तकामुळे. ते त्यांनी इंग्रजीत, परदेशी वाचकांसाठी लिहिलं होतं. शौर्याच्या गोष्टी खोट्या नाहीत, पण त्या मागाहून इस्त्री केलेल्या आहेत. इतिहास इस्त्री करून घालायची सवय आपल्यालाही आहे, तेव्हा फार हसू नये.

१७. याकुझा अजून आहेत का? माझ्या हातावर टॅटू आहे, अडचण येईल?

याकुझा, म्हणजे जपानी गुंडांच्या टोळ्या, आहेत, पण उतरणीला. १९६० च्या दशकात त्यांची संख्या १,८०,००० च्या वर होती, आता २०,००० च्या आसपास आहे. १९९२ चा कायदा आणि २०११ पर्यंत सगळ्या प्रांतांत आलेले नियम यांमुळे त्यांना बँकेत खातं काढणं, घर भाड्याने घेणंही अवघड झालं. सिनेमातला गरिबांचा कैवारी याकुझा कधीच फारसा खरा नव्हता.

टॅटूसाठी रस्त्यावर कुणी काही म्हणत नाही. पण पुष्कळ गरम पाण्याच्या झऱ्यांवर, पोहण्याच्या तलावांवर प्रवेश नाकारतात. लहान टॅटू चिकटपट्टीने झाकलेला काही ठिकाणी चालतो. आधी विचारा. आंघोळीची रीत प्र. १० मध्ये आहे.

१८. युद्धावरच्या सिनेमांत जपान नेहमी सोसणाराच का दिसतो?

अवघड आणि योग्य प्रश्न. 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' १९८८ साली 'तोतोरो'बरोबर एकाच तिकिटावर लागला होता. 'तोतोरो'ने हसून निघालेली मुलं 'ग्रेव्ह'ने सुन्न होत असतील, किंवा उलट. कोबेवरच्या बॉम्बवर्षावात अनाथ झालेली दोन भावंडं. गोष्ट खरी, दुःख खरं. १९५४ चा गॉडझिलाही असाच भाजलेल्या जखमेतून आला: त्याच वर्षी पॅसिफिकमधल्या बिकिनी बेटाजवळच्या अणुचाचणीच्या राखेत एक जपानी मासेमारी बोट सापडली होती.

पण चीन, कोरिया, आग्नेय आशियात जपानी सैन्याने काय केलं, हे लोकप्रिय पडद्यावर फार कमी येतं. अपवाद आहेत. केइजी नाकाझावा हिरोशिमातून वाचले. १९७३ साली सुरू झालेल्या त्यांच्या 'बेअरफूट गेन' या मांगामध्ये सम्राटावर आणि जपानी अत्याचारांवरही थेट बोट ठेवलेलं आहे. त्याची किंमतही दिसते. माचुए शहरात शाळांच्या वाचनालयांत मुलांना ते सहज मिळू नये असा आदेश निघाला होता. २०१३ साली गाजावाजा झाल्यावर तो मागे घेतला. २०२३ मध्ये हिरोशिमाच्या शाळांच्या शांतता-पाठ्यसाहित्यातूनच ते वगळलं. माझं मत: ते सिनेमे जरूर बघा, रडा, आणि मग त्याच वर्षांत नानजिंगमध्ये आणि सिंगापूरमध्ये काय चाललं होतं तेही वाचा.

१९. जपानमध्ये सगळे एकसारखेच जपानी आहेत ना?

पडदा तसं भासवतो. उत्तरेला होक्काइदोचे आइनू आहेत, त्यांना मूळ रहिवासी म्हणून कायद्याने २०१९ साली मान्यता मिळाली. 'गोल्डन कामुई' या मांगाने त्यांची भाषा, शिकार, स्वयंपाक अभ्यासून दाखवला आणि कितीतरी जपानी मुलांना आइनूंची ओळख त्यातूनच झाली. दक्षिणेला ओकिनावा, १८७९ पर्यंत वेगळं राज्य. पिढ्यान्‌पिढ्या राहणारे कोरियन वंशाचे लोक आहेत. आणि परदेशी रहिवाशांची संख्या ३० लाखांच्या वर गेली आहे. आज तोक्योतल्या चोवीस तास उघड्या दुकानात गल्ल्यावर नेपाळी किंवा व्हिएतनामी मुलगा हमखास दिसतो, ॲनिमेतल्या त्याच दुकानात तो क्वचितच असतो.

तोक्योच्या निशिकासाई भागात भारतीयांची मोठी वस्ती आहे. तो ज्या एदोगावा वॉर्डात येतो, त्याच्या सभेवर अंबरनाथमध्ये वाढलेले योगेंद्र पुराणिक २०१९ साली निवडून आले.

२०. हिकिकोमोरी म्हणजे आळशी मुलं का?

नाही. महिनोन्‌महिने समाजाशी संबंध तोडून घरात राहणारी माणसं, आणि ती मुलंच असतात असंही नाही. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या सरकारी पाहणीत १५ ते ६४ वयोगटात त्यांची संख्या सुमारे १४ लाख ६० हजार आली. ऐंशीच्या घरातले आईवडील पन्नाशीच्या लेकाला पोसतात, त्याला '८०५० चा प्रश्न' म्हणतात. ॲनिमेत असा नायक दुसऱ्या जगात जाऊन राजा होतो. इथे प्र. १ चा ठोकताळा लावून बघा.

२१. प्रेम असं ठरवून, वाकून 'कबूल' करतात का? आणि ख्रिसमसला चिकन?

'आवडतेस, माझ्याबरोबर फिरशील का?' असं रीतसर विचारणं खरं आहे. त्याशिवाय जोडी ठरत नाही. व्हॅलेंटाइनला चॉकलेट मुली देतात, १४ मार्चला मुलगे परतफेड करतात. ख्रिसमसचं चिकन ही १९७४ च्या केएफसीच्या जाहिरातीची किमया.

२२. जिब्लीतलं जेवण बघून तोंडाला पाणी सुटतं. शाकाहारी माणसाला तिथे काय मिळेल?

दिसतं त्याहून कमी. मिसो सूप, उडोन, भाज्यांची शिजवणी, सगळ्यात 'दाशी' नावाचं सार असतं, आणि ते बहुधा सुकवलेल्या बोनितो माशाचं. 'मासा नको' म्हटलं तर मासा काढून देतील, दाशी राहील. बौद्ध मठांतलं 'शोजिन र्‍योरी' खरं शाकाहारी. नाहीतर उमेबोशी या खारवलेल्या आंबट फळाचं ओनिगिरी, म्हणजे भाताचा गोळा, घ्या, आणि तरी वेष्टनावरची यादी वाचा. थेपले नेणाऱ्यांना हसू नका.

२३. ॲनिमेतल्या जागा बघायला जायचं आहे. कुठे जावं?

याला जपानीत 'सेइची जुनरेइ', म्हणजे तीर्थयात्रा, असंच म्हणतात. शिकोकु बेटावर ८८ देवळांची जुनी परिक्रमा आहे, तिच्या धर्तीवर आता ॲनिमेच्या ८८ ठिकाणांची यादीही निघते. 'युअर नेम'साठी हिदा-फुरुकावा आणि तोक्योत योत्सुयाच्या सुगा देवळाच्या पायऱ्या, 'स्लॅम डंक'साठी कामाकुरा-कोको-माए स्थानकाजवळचं रेल्वे फाटक. लगेच जाणं जमत नसेल तर पुण्यातलं पु. ल. देशपांडे उद्यान ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलं आहे, तिथे एक संध्याकाळ काढा.

कामाकुराच्या फाटकावर गर्दी इतकी होते की लोक रस्त्यात उभे राहतात, गाड्या अडतात, शेजाऱ्यांच्या अंगणात शिरतात. तिथे माणसं राहतात. फोटो पदपथावरून काढा, आवाज हळू ठेवा आणि कचरा खिशात घालून हॉटेलवर आणा, कारण रस्त्यावर कचऱ्याचा डबा सहसा सापडत नाही. हे मात्र ॲनिमेत दाखवतात तस्संच आहे.